दाढेतला गुळाचा कापूस

शालू,

काल तुझ्या शाळेत जाऊन आले. तिथे जे झालं ते तुलाच सांगायला हवं, आणि नेमकी तूच नाहीस. म्हणून लिहायला बसले. तू असतीस तर म्हणाली असतीस, "लिहून काऊन राह्यली, फोन कर ना." केला असता गं.

गेल्या आठवड्यात विहारात तू गेल्यानंतरचं पुण्यानुमोदन झालं. लोक चांगलं बोलले. हेडमास्तर बोलले, मंडल शिक्षण अधिकारी आपल्या सीमेकडच्या रिवाजाप्रमाणे तेलुगूत बोलले. आदर्श शिक्षिका म्हणाले, सेवाभावी म्हणाले, मनमिळाऊसुद्धा म्हणाले. मनमिळाऊ! मी पटकन मान खाली घातली, कारण मला हसू फुटलं होतं. बसच्या कंडक्टरपासून मंडल दफ्तरातल्या कारकुनापर्यंत एकालाही ज्या बाईने "काऊन?" विचारल्याशिवाय सोडलं नाही, तिला मनमिळाऊ कोण म्हणेल? तू पिच्छा पुरवायचीस. समोरचा रडकुंडीला यायचा आणि तू नवा प्रश्न काढायचीस. हे एकाही वक्त्याने सांगितलं नाही. मला उठून सांगावंसं वाटलं, पण मला भाषण करता येत नाही हे तुला शाळेपासून माहीत आहे. मग मी बसल्या बसल्या लोकांचे दात पाहत राहिले. दातांची डॉक्टर होऊन मला ही खोड लागली नव्हती, तुझ्या नादाने लागली.

पण खरं सांगू का, तिथे बसून माझ्या डोक्यात पायलची दाढ होती. तुझ्या चौथीतली पायल. तिच्या खालच्या दाढेतली सडलेली नस काढून, आत औषध भरून मी वर तात्पुरतं सिमेंट लावून दिलं होतं. पुढच्या खेपेला तू तिला घेऊन येणार होतीस आणि मी दाढ कायमची भरणार होते. त्याआधीच तुला ताप आला, आणि मग तुझं येणं राहूनच गेलं. ते सिमेंट फार दिवस टिकत नाही. निघालं की दाढ पुन्हा उघडी पडणार, दुखायला लागणार, आणि तिची आई काय करणार हे आपल्या दोघींना पाठ होतं. ती दाढेत गुळाचा कापूस दाबणार. मग ती दाढ उपटण्याशिवाय माझ्या हातात काही राहणार नाही, आणि नऊ वर्षांच्या पोरीला त्या जागी दुसरी दाढ येणार नाही.

गुळाचा कापूस तूच माझ्याकडे आणलास. रविवार होता. तू भीमपूरच्या बसने आलीस, चप्पल काढलीस आणि बस कशी गच्च होती, तामसीला कोण चढलं, कोण भांडलं, यातलं काही न सांगता पर्समधून कागदाची पुडी काढून माझ्या टेबलावर ठेवलीस.

"सुमे, ओळख काय हाये ते."

मी पुडी उघडली. आत कापसाचा चिमूटभर गोळा, काळपट पिवळा. "कापूस," मी म्हणाले.

"ते मलेबी दिसते. पोरीच्या दाढेत काऊन होता?"

मी डॉक्टरी आवाजात सांगितलं की दाढ पोकळ असली की त्यात अन्न अडकतं, दुखतं, म्हणून लोक लवंगेच्या तेलात भिजवून कापूस ठेवतात, त्यात विशेष काही नाही. तू ऐकून घेतलंस. मग म्हणालीस, "वास घे." दुसऱ्याच्या दाढेतून निघालेल्या कापसाचा वास घ्यायला मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. मी नाक मुरडलं. तू हट्टाला पेटलेली. आपली हुज्जत चालू असताना पुडीपाशी एक मुंगी आली, तिच्यामागून आणखी आल्या आणि कापसावर चढल्या. तू माझ्याकडे असं पाहिलंस, जणू दिल्लीच्या कोर्टातला खटला जिंकली आहेस. "लवंगेवर मुंग्या कदीपासून याले लागल्या, डॉक्टरीनबाई?"

तिथून तुझ्या डोक्यात ते शिरलं. वर्गातल्या पोरांची तोंडं उघडून पाहायला लागलीस. दुसऱ्यांच्या रानात मजुरीला जाणाऱ्यांच्या पोरांची दाढ बहुतेक किडकीच, आणि कापसाच्या वेचणीच्या दिवसांत त्यांतल्या बऱ्याच दाढांत कापूस. वेचणी संपली की कमी. "असं काऊन?" तू फोनवर विचारायचीस. मी म्हणायचे, साखर, गोळ्या, ब्रश नाही. तू म्हणायचीस, साखर तर बाराही महिने असते.

पहिला संशय तू फेरीवाल्यावर घेतलास. वेचणी झालेल्या रानात बोंडांना चिकटून राहिलेला सरवा पोरं गोळा करतात. तो पोरांच्या हक्काचा, मालकही त्यावर डोळा ठेवत नाही. मोटारसायकलला पत्र्याची पेटी बांधून येणारा फेरीवाला तो ओंजळभर कापूस घेतो आणि बदल्यात गोळ्या, चिक्की, रंगीत बडीशेप देतो. तू त्याला शाळेच्या फाटकापाशी गाठलंस आणि पोरांसमोर फैलावर घेतलंस. तो बिचारा पेटीचं झाकण लावून म्हणाला, "बाई, आदी माह्या तोंडात पाहा." आणि त्याने तोंड उघडलं. आत दोन-चार खुंट. तू मला हे सांगताना इतकी हसलीस की फोन हातातून पडला. पण हसून झाल्यावर लगेच मुद्द्यावर आलीस. गोळ्यांनी दाढ किडली हे कळलं. कापूस आणि गूळ का, हे नाही कळलं.

पोरं सांगायची नाहीत. पोरी तोंडावर हात ठेवून खिदळायच्या. घरून ताकीद असावी, बाईंना सांगाल तर बाई रागावतील. तुझा राग गावाला ठाऊक होता.

उत्तर शेवटी तुझ्याच घरात निघालं. तुझी आई, जिला मी लहानपणापासून मावशी म्हणते, अंगणात तूर निवडत बसली होती. तू सहज विचारलंस. तिने सुपातून मानही वर न करता सांगितलं, "त्यात का हाये? गुळाचा कापूस हाये. तुह्या बी दाढेत ठेवला होता म्या."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर अर्धी रजा टाकून तू माझ्या दवाखान्यात हजर. पेशंट बसलेले होते. तू कोणालाच न जुमानता सरळ खुर्चीवर जाऊन बसलीस आणि आ केलास. "पाह्य. माही दाढ कुठं गेली?"

आपली मैत्री पहिलीच्या बाकावरची. मी तुझ्यासोबत किती हसले असेन, आणि तुझ्या तोंडात कधी डोकावले नव्हते. "तुह्यापुढं तोंड काऊन उघडू, तू मैत्रीन हायेस का डॉक्टर," असं म्हणून तू दर वेळी टाळलंस. त्या दिवशी पाहिलं. खालची डावी दाढ नव्हती. शेजारचे दात त्या रिकाम्या जागेत कलले होते, म्हणजे ती जाऊन फार वर्षं झाली होती. मी दिवा बंद केला. तू विचारलंस, "दुधाची होती ना? पडली असन." मी म्हणाले, नाही शालू, ती सहाव्या वर्षी येते, तिच्या आधी त्या जागी काही नसतं, म्हणून सगळ्यांना ती दुधाचीच वाटते. ती एकदाच येते. तू खुर्चीत तशीच पडून छताकडे पाहत राहिलीस.

पुढच्या रविवारी मी तुझ्यासोबत गावाला आले. मावशीला नीट विचारायचं होतं. तिने आपल्याला चहा दिला, त्यात साखर किती ते तुला ठाऊक आहे, आणि मग हातवारे करून सगळं समजावलं. ती तरणी होती तेव्हा रानात अळ्या पडल्या की गूळ आणि कोंड्याचे मुटके करून सांजच्याला बांधावर ठेवायचे. अळी गुळाच्या वासाने बाहेर यायची, मुटक्याला लागायची, सकाळी उचलून मारायच्या. आता सोयाबीनमध्ये गोगलगाईंसाठी लोक गुळाच्या पाण्यात गोणपाटं भिजवून टाकतात, ते तेच.

"दाढेतला किडा बी तसाच," मावशी म्हणाली. "गुळाच्या पान्यात कापूस भिजवाचा, झोपताना दाढेत दाबाचा. किडा गूळ खाले कापसात येते. सकायी कापूस काढून चुलीत."

"अन् दुखनं थांबे का, माय?" तू विचारलंस.

"थांबे ना. थांबलं नसतं त ठेवला कायले असता?"

मी चहाच्या कपात पाहत होते. तुझी नजर माझ्यावर आहे हे मला कळत होतं. तू मला फाट्यापर्यंत पोचवायला आलीस आणि बस येईपर्यंत विचारत राहिलीस, काऊन थांबते, सांग, काऊन थांबते. मला सांगावं लागलं. गूळ मिळाला की कीड वाढते, खोल जाते, नसेपर्यंत पोचते. नस मरते. मेलेली नस दुखत नाही. काही दिवस सगळं शांत होतं, मग खाली पू धरतो. कधी कधी कापसाला नसेचा तुकडाच चिकटून येतो, पांढरा, दोऱ्यासारखा. पाहणाऱ्याला तो किडाच वाटणार.

तू म्हणालीस, "म्हंजे मायले वाटे किडा मेला, अन् मेली माही दाढ."

मला वाटलं तू आईवर चिडशील. तू चिडली नाहीस. उलट म्हणालीस, डोकं कसं चालवलं पाह्य माह्या मायनं. रानात जे चालते ते तिनं तोंडात करून पाह्यलं. तिले दुसरं कोनी काई सांगतलंच नव्हतं. वेचणीच्या दिवसांचं कोडंही तुझं तिथेच सुटलं. बायका पहाटे अंधारात ऑटोत बसून परगावी रानात जातात. पोर ठणक्याने उठलं, रडलं, तर मजुरीचा खाडा पडतो. म्हणून झोपतानाच गुळाचा कापूस. आणि कोणतं पोर नाही म्हणेल? औषध म्हणून तोंडात गूळ! शालू, मला हे कधी तुझ्या तोंडावर म्हणता आलं नाही. दवाखान्यात बसून मी वर्षानुवर्षं किडक्या दाढा उपटत होते आणि माझ्या मनात त्यांच्याबद्दल एक प्रश्न उरला नव्हता. तू ती मुंग्यांची पुडी आणलीस आणि मला पुन्हा सकाळी दवाखाना उघडावासा वाटायला लागला.

मग आपलं भांडण सुरू झालं.

मी म्हणाले, बायकांना स्पष्ट सांगू या की दाढेत किडा नसतो. तू म्हणालीस, असं बोलली तर झालंच.

"किडा नाई म्हनशीन तू, अन् त्या म्हनतीन हिले दिसत नाई. त्याईनं कापसाले लागून आलेला पाह्यला हाये ना! त्यापेक्षा किडा हाये म्हन. पन गूळ खाऊन तो बाहेर येत नाई, आतच पोसते म्हन. उपाशी मारा त्याले म्हन. रानातली बाई हाये, लगेच समजन तिले."

"मी डॉक्टर होऊन खोटं बोलू?"

"खोटं कोनतं? तूच त म्हनते जंतू असते. जंतू म्हंजे का हत्ती हाये?"

मी म्हणायचे, आज मी किडा म्हटलं की उद्या ती धूरवाली येईल. तुलाही ती माहीत होती. रिंगणीच्या बिया तापल्या लोखंडावर टाकते, नारळाच्या करवंटीतून पोराच्या दाढेला धूर देते आणि खालच्या ताटलीतल्या पाण्यात पांढरे किडे दाखवते. पाहा, डॉक्टरही किडा म्हणतात, असं ती दारोदार सांगत फिरेल. तू म्हणायचीस, ती फिरतेच हाये, तुह्या सांगन्यानं थांबनार हाये का? मी म्हणायचे, निदान माझ्या नावावर फिरणार नाही. दर रविवारी हे. चहा व्हायचा, दुसरा व्हायचा, माझे पेशंट बाहेर बसून ऐकायचे आणि मध्येच एखादा म्हातारा आपलं मत द्यायचा.

पायल आली ती अशाच एका रविवारी. जबडा सुजलेला, डोळा अर्धा मिटलेला, आणि तरी बस शहरात शिरल्यापासून काय काय दिसलं ते सांगत होती. तिची आई वंदना मजुरीला जाते, तिला येता येत नव्हतं, म्हणून तू आणलंस. मी दाढ साफ करताना पायलने हात वर केला. मला वाटलं दुखतंय. तिला आरसा हवा होता.

"किडा कुठं हाये, मले दाखवा ना."

मी आरसा धरला. तिने बराच वेळ त्या काळ्या भोकात पाहिलं. मी तुझ्याकडे पाहिलं, तू माझ्याकडे. दोघींनाही वाटलं आता आपलं खरं ठरणार.

"नाई दिसत," पायल म्हणाली. मी खूश. मग ती म्हणाली, "झोपला असन."

तू भिंतीला टेकून हसत राहिलीस.

शेवटची खेप दिवाळीनंतरची. मी पायलच्या दाढेवर सिमेंट लावलं, तिला तासभर काही खाऊ नको म्हणाले. ती बाकावर झोपून गेली आणि आपण पुन्हा तिथेच आलो. किडा आहे म्हण, नाही म्हणणार. तू त्या दिवशी जरा जास्तच चढ्या आवाजात बोलत होतीस. तुझी बस गेली, पुढचीही गेली. शेवटी मीच तुम्हा दोघींना स्टँडवर सोडलं आणि बस हलताना तू खिडकीतून ओरडलीस, "विचार कर, सुमे!" मी हात हलवला. तेवढंच. मला वाटलं होतं पुढच्या रविवारी सांगू.

आता कालचं सांगते. बाजाराचा दिवस होता, वेचणी बंद. हेडमास्तरांना मी फोन केला होता, त्यांनी बायकांना बाजाराला जायच्या आधी शाळेत बोलावलं. तुझ्या वर्गात बसवलं सगळ्यांना. थंडी होती, बायका शाली गुंडाळून, काखेत रिकाम्या पिशव्या धरून बसल्या होत्या. वंदना खिडकीपाशी, पायल तिच्या मांडीला टेकलेली. मी बसमध्ये पूर्ण रस्ताभर ठरवत आले होते की काय बोलायचं. आणि मी ठरवलं होतं की तुझंच बोलायचं. तुझ्यासाठी आता तेवढंच करता येण्यासारखं होतं.

"किडा आहे," मी म्हणाले. "पण तो इतका बारीक आहे की डोळ्यांना दिसत नाही. गुळाच्या वासाने तो बाहेर येत नाही. गूळ खाऊन आतच पोसतो. त्याला उपाशी मारायचं. रात्री झोपताना गूळ नाही, गोड नाही. चूळ भरायची, दात घासायचे."

बोलताना मला वाटत होतं की तू मागच्या बाकावर बसून गालातल्या गालात हसत असशील. पण बायका एकमेकींकडे पाहायला लागल्या. वंदनाने पायलला बाजूला सारलं.

"डॉक्टरीनबाई, रागावू नोका," ती म्हणाली. "पन बाई त म्हने किडा नसतेच."

"कोण बाई?"

"आमच्या शालूबाई. दसऱ्याच्या सभेत. याच खोलीत."

मग त्या सगळ्या एकदम बोलायला लागल्या. तू शाळेच्या स्वयंपाकघरातून तवा आणवलास म्हणे. शेगडी पेटवलीस. रिंगणीच्या बिया तापल्या तव्यावर टाकल्यास, वर करवंटी धरलीस, शेजारी पाण्याची ताटली. कोणाचंही तोंड जवळ नव्हतं. तू सगळ्यांना लांब उभं केलं होतंस. आणि पाण्यात पांढरे किडे पडले. बिया तडकून त्यांच्या आतलाच कोंब उडत होता. तू प्रत्येकीला ताटली दाखवलीस.

"आमी त भेलो ना बाप्पा," एक म्हातारी म्हणाली, "का तव्याचे बी दात किडले म्हनून!" खोली हसली. मीही हसले.

"अन् मंग म्हने," वंदना सांगत होती, "माही डॉक्टर मैत्रीन म्हनते दाढेत किडा नसते. म्या तिच्याशी लय भांडली, पन तिचंच खरं हाये. ती खोटं बोलत नाई. तिचं आयका. गूळ ठेवू नोका."

मी फळ्याकडे पाहिलं. तिथे कोणीतरी नवी तारीख घातली होती, अक्षर तुझं नव्हतं.

मघाची म्हातारी म्हणाली, "बाई म्हने नाई, तुमी म्हन्ता हाये. आमी कोनाचं आयकावं? तुमी दोघी अगुदर आपसात ठरवा, अन् मंग आमाले सांगा."

बोलून झाल्यावर तिच्या ध्यानात आलं. तिने पदर तोंडावर घेतला. मी तुझ्या खुर्चीत बसले आणि सगळ्यांसमोर रडले, शालू, विहारात नव्हते रडले तेवढं. एका बाईने ग्लासात पाणी आणून दिलं. रडून झाल्यावर मी सांगितलं की बाईंचंच खरं. किडा नसतो. गूळ ठेवू नका.

"गूळ त म्या तवापासूनच बंद केला," वंदना म्हणाली. "पन पोरीचं ते भरलेलं निघून राह्यलं. बाई गेल्या, आता इचारावं कोनाले?" तिने पायलचं तोंड उघडून मला दाखवलं. सिमेंटचा अर्धा तुकडा गेला होता. बाकीचा होता. दाढ कोरडी होती, हिरडी शांत होती. माझ्या जिवात जीव आला. मी म्हणाले, उद्या येशील? ती म्हणाली, उद्या खाडा करतो.

आज सकाळच्या बसने त्या आल्या. वंदनाने दवाखाना पहिल्यांदाच पाहिला. पायलने तिला खुर्ची वरखाली कशी होते ते दाखवलं, दिवा दाखवला, तुझी नेहमीची जागासुद्धा दाखवली. दाढ भरून झाली. नीट भरली. ही दाढ पायल म्हातारी होईपर्यंत वापरेल, सांभाळली तर. वंदनाने पोरीला आ करायला लावून दोनदा पाहिलं आणि मग दोघी बाजारात रिबीन घ्यायला गेल्या.

त्या गेल्यावर मी एकटी बसून विचार करत होते. दसऱ्याला तू गावाला माझं म्हणणं पटवून दिलंस. तवा पेटवून, सगळ्यांना दाखवून, मी बरोबर आणि तू चूक हे स्वतःच्या तोंडाने कबूल करून. आणि दिवाळीनंतर माझ्यासमोर बसून, किडा आहे म्हण म्हणून, दोन बस सोडून माझ्याशी भांडलीस. आधी वाटलं, तुला माझ्यापुढे हरायचं नव्हतं. तू तशी होतीसच. पण मग मला माझं आठवलं. तुझं म्हणणं मलाही केव्हाचंच पटलं होतं. रानातल्या बाईला तिच्याच भाषेत सांगायला हवं, यात न पटण्यासारखं काय होतं? तरी मी दर रविवारी मान हलवत राहिले, नाही म्हणत राहिले. हो म्हटलं असतं तर भांडण मिटलं असतं, तू चहा संपवून उठली असतीस आणि पहिल्या बसने गावाला गेली असतीस. मला तू जायला नको होतीस. तुझंही तेच होतं ना गं?